मी कोण, ते पुढच्या पत्रात

म्हाताऱ्यांनी उजव्या हाताचं बोट जिभेला लावलं आणि माझ्या टेबलावर पसरलेल्या इनलँड पत्राच्या पहिल्या ओळीवरून फिरवलं. 'सौ. इंदुमती' एवढी अक्षरं फिसकटली. तेच बोट त्यांनी खालच्या ओळींवरून फिरवलं, तर तिथलं एक अक्षर हललं नाही. पुढं 'अंजिरी' या एका शब्दावर मात्र पुन्हा निळा डाग पडला.

"बत्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या मी," ते म्हणाले. "हे सगळं हातानं लिहिलेलं नाही. छापलंय. पेन फिरलंय ते फक्त दोन ठिकाणी. असलं काम सांगलीत कोण करतं, तेवढं सांगा बाई. सकाळपासून पाच छापखाने हिंडलो."

धोतर, काळी टोपी, पायात चपला धुळीनं भरलेल्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पत्र मात्र बघताक्षणी ओळखलं, कारण ते माझंच होतं.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालातली. मी तेव्हा तेवीस वर्षांची, कमर्शियल आर्टचा डिप्लोमा ताजा, आणि डोक्यात हवा गेलेली. सदलगे सरांच्या जाहिरात एजन्सीत आम्ही तिघं होतो: सर, मी आणि सरांचा मेहुणा, जो उधारी वसूल करायला म्हणून जायचा आणि चहा पिऊन यायचा. धनपालशेठ यांचं साडीचं दुकान हे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. लगीनसराईच्या आधी त्यांना घरोघर पत्रकं पाठवायची होती. मी म्हटलं, छापील पत्रक बघितलं की लोक त्याची पुडी बांधतात. पत्र गेलं पाहिजे, हातानं लिहिल्यासारखं, बाईच्या स्वतःच्या नावानं. आपल्याकडं बाईच्या नावानं पत्र येतं कुठं? सगळी पत्रं सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावानं. आपलं नाव वर बघितलं की ती बाई शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारच.

शेठ खूश झाले. पत्ते त्यांच्याकडं तयार होते. दिवाळीत त्यांनी बक्षीस सोडत काढली होती, पहिलं बक्षीस मिक्सर. कुपन घरातल्या सौभाग्यवतीच्याच नावानं भरायचं, असा शेठचा नियम. नाव, पत्ता आणि मागच्या बाजूला घेतलेल्या साडीचा रंग. अशी चारशे बारा कुपनं एका खोक्यात पडून होती. मी सगळा मजकूर तिरक्या, पुरुषी वळणाच्या अक्षरात लिहिला, तो निळ्या शाईत इनलँडवर छापून घेतला आणि नाव आणि रंग यांच्या मोकळ्या जागा चार दिवस बसून पेनानं भरल्या. मजकूर मला अजून पाठ आहे.

'गेल्या दिवाळीतली ती अंजिरी साडी मी विसरलेलो नाही. तो रंग तुम्हालाच शोभावा. यंदा तुमच्यासाठी एक वेगळा रंग बाजूला काढून ठेवला आहे. इतक्यात कुणाला सांगू नका. मी कोण, ते पुढच्या पत्रात.'

सदलगे सरांनी तेव्हाच टोकलं होतं. पत्राच्या मागं पाठवणाऱ्याचं नाव लिहायला जागा असते, तिथं बारीक अक्षरात दुकानाचं नाव टाकू, म्हणाले. मी ऐकलं नाही. नाव दिसलं की पत्र केरात, हे मी त्यांना बाणेदारपणे सुनावलं. आठ दिवसांनी दुसरं पत्र जाणार होतंच. ते गेलं नव्हतं, कारण बंगळुरूहून शेठचा माल यायला उशीर झाला होता.

गुरुजींचं नाव पिराजी खराडे, तासगावकडच्या एका खेड्यातले. ही सगळी हकीकत मी त्यांना सांगितली तेव्हा ते चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत, खुर्चीवर बसले आणि प्यायला पाणी मागितलं.

त्यांची मुलगी इंदुमती मिरजेत दिलेली होती. जावई जयवंत शिंगटे सरकारी कचेरीत कारकून. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, त्यामुळं सासूच्या तोंडी आधीच येता-जाता बोलणं. नऊ दिवसांपूर्वी हे पत्र आलं. इंदुमतीनं ते कुणाला न दाखवता तांदळाच्या डब्यात लपवलं. दुसऱ्या दिवशी सासूनं भातासाठी डब्यात हात घातला आणि पत्र तिच्या हाती लागलं. तेव्हापासून इंदुमतीला एकच प्रश्न विचारला जात होता: हा कोण? ती सांगत नव्हती, कारण तिला माहीतच नव्हतं. शेवटी सासरच्यांनी ते पत्र गुरुजींकडं धाडलं. आज चार वाजता गुरुजींना तिला घेऊन जायला बोलावलं होतं. कायमचं.

"मी तिथं येते," मी म्हटलं. "मी लिहिलंय, मीच सांगते."

गुरुजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. साडेबारा वाजून गेले होते.

"नुसतं सांगून भागायचं नाही बाई. पुरावा काहीतरी हवा."

पुराव्यासाठी आम्ही आधी दुकानात गेलो. धनपालशेठ जेवायला घरी गेले होते. ते येईपर्यंत दीड तास आम्ही गादीच्या कडेला बसून काढला. आल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुकानाचं नाव कुठंही यायला नको, असं मला बाजूला घेऊन बजावलं. सराईचे दिवस, एकदा बदनामी झाली की गिऱ्हाईक पायरी चढायचं नाही. मी म्हटलं, कुपन द्या नाहीतर आणखी चारशे अकरा घरांत काय झालंय ते मी दारोदार विचारत फिरेन. असं मी शेठना बोलू शकले याचं मला आज आश्चर्य वाटतं. शेठनी खोकं उपडं केलं. सौ. इंदुमती जयवंत शिंगटे यांचं कुपन सापडायला वीस मिनिटं लागली. मागं लिहिलं होतं: नारायणपेठ, अंजिरी.

माझा जीव भांड्यात पडला. पुराव्याचा कागद मिळाला आणि माझी यादी बरोबर होती, हेही सिद्ध झालं. मी ते कुपन गुरुजींच्या हातात दिलं.

मिरजेच्या बसमध्ये गुरुजी ते कुपन खूप वेळ बघत होते. आधी पुढून, मग मागून, मग पुन्हा पुढून. मी त्यांना काय काय कसं बोलायचं ते सांगत होते. आधी मी माझं अक्षर काढून दाखवणार, मग कुपन ठेवणार. त्यांचं लक्ष नव्हतं. विश्रामबाग मागं पडल्यावर त्यांनी कुपनाची घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"हे पर्समध्येच असू दे," ते म्हणाले. "बाहेर काढू नका."

"का पण? हाच तर खरा पुरावा."

"तुमच्या अक्षरावर भागलं तर भागवू. मी सांगेपर्यंत काढायचं नाही. एवढं ऐका माझं."

मला वाटलं, शिक्षक माणूस, शब्दाला जागणारा, शेठच्या दुकानाची लाज राखतोय. पुढं सगळा रस्ता ते खिडकीबाहेर बघत राहिले.

आम्ही पोचलो तेव्हा चाराला पाच कमी होते. बाहेरची खोली लहान, एका भिंतीला पलंग, त्यावर सासूबाई मांडी घालून बसलेल्या. जयवंतराव समोरच्या लोखंडी खुर्चीत, कचेरीच्याच कपड्यांत, अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेले. दिसायला गरीब माणूस. इंदुमती आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी तिच्याकडं बघितलं, पण तिनं मान वर केली नाही. दाराशी एक वळकटी आणि पत्र्याची ट्रंक बांधून ठेवलेली होती.

मी कोण ते सांगितलं. पत्र जाहिरातीचं आहे, अशी चारशे बारा गेलीत, पुढचं पत्र येणार त्यात साड्यांच्या सेलची माहिती असणार, हे सगळं एका दमात बोलले. सासूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"बाईमाणूस असून असलं लिहितीस तू?"

"पोटासाठी लिहिते," मी म्हटलं. "कागद द्या. इथं लिहून दाखवते."

जयवंतरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून दिलं. मी पलंगाच्या कडेवर टेकून त्याच्या मागं सगळा मजकूर उतरवला, त्याच तिरक्या अक्षरात, शेवटच्या ओळीपर्यंत. वळण कुठं सुटू दिलं नाही. ते पान आणि ते पत्र शेजारी शेजारी ठेवलं. सासूबाईंनी मुलाला बघायला सांगितलं. जयवंतराव वाकले, बघितलं आणि हळूच म्हणाले, "तेच अक्षर आहे."

मला वाटलं, सुटलो. गुरुजींनीही श्वास सोडलेला मला ऐकू आला.

सासूबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी मला शांतपणे दोन गोष्टी विचारल्या, आणि आज मी कबूल करते की दोन्ही प्रश्न बिनतोड होते. पत्र दुकानाचं असेल तर सुनेनं लपवलं कशाला? मनात काही नसेल तर बाई पत्र तांदळात पुरत नाही. आणि दुसरं, ही अंजिरी साडी कुठली? या घरात अंजिरी साडी नाही. इंदुमतीच्या चारच्या चार चांगल्या साड्या त्यांनी स्वतः ट्रंकेत घातल्या होत्या. मग दुकानात हिच्या नावावर अंजिरी साडी घेतली कुणी आणि नेसली कुठं?

"तू खोटं बोलत न्हाईस, पोरी," त्या म्हणाल्या. "पत्र तू लिहिलंस. पर साडी कुणीतरी घेतली हाय."

इंदुमतीनं पहिल्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. खाली बघत उभी राहिली. दुसऱ्या प्रश्नाला ती एवढंच म्हणाली की माझ्याकडं अशी साडी नाही, कधी नव्हती.

मी गुरुजींकडं बघितलं. कुपन काढायची हीच वेळ होती. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "दुकानातल्या माणसांचा घोळ असेल. एका नावाचं दुसऱ्याला लागलं असेल. यादी चुकली असेल."

"घोळ असंल तर निस्तरा," सासूबाई म्हणाल्या. "तवर पोरगी तुमच्याकडं असू दे. जयवंता, रिक्षा बघ."

जयवंतराव उठले. त्यांना उठायची घाई झाली होती, हे मला नंतर लक्षात आलं. त्या क्षणी मला एकच कळत होतं की माझ्यामुळं एक बाई घराबाहेर पडतेय. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट मला टोचली. माझी यादी चुकलेली नव्हती. चार दिवस बसून मी एकेक नाव आणि एकेक रंग तपासून भरला होता. इंदुमतीची दया किती आणि यादीचा अभिमान किती, हे मी आजपर्यंत वेगळं करू शकलेले नाही. मी पर्स उघडली.

"यादी चुकलेली नाही," मी म्हटलं. "हे बघा कुपन. साडी घेणाऱ्यानं स्वतः भरलेलं. दुकानात सगळी ज्याची त्यानं भरलीत."

"बाई," गुरुजी म्हणाले. पण कुपन तोवर सासूबाईंच्या हातात गेलं होतं.

त्यांनी ते लांब धरलं. चष्मा नव्हता, पण तो लागलाही नाही. कपाळावरची आठी गेली आणि चेहरा एकदम कोरा झाला. जयवंतराव दारात एक पाय चपलेत घालून उभे होते, ते तिथंच थांबले. मी मूर्खासारखी एकेकाच्या तोंडाकडं बघत होते.

चौकट सोडून इंदुमती पुढं आली. सासूच्या हातातून तिनं कुपन घेतलं, तसं घेण्याची या घरात तिची ती पहिलीच वेळ असावी. आपलं नाव वाचलं, मग उलटून मागचं.

"हे ह्यांचं अक्षर," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बसमध्ये गुरुजींनी काय बघितलं होतं तेही कळलं. जावयाची खुशालीची पत्रं त्यांना सहा वर्षं येत होती. ज्यानं मुलांच्या वह्या तपासण्यात आयुष्य घालवलं, त्याला ते वळण ओळखायला विश्रामबागपर्यंतही वेळ लागला नसेल. साडी जयवंतरावांनी घेतली होती. नेसणारी दुसरी होती. आणि मिक्सर लागला तर घरी यावा म्हणून कुपनावर बायकोचं नाव घातलं होतं.

सासूबाई सावरल्या. त्यांचं सावरणं बघण्यासारखं होतं. "अगं व्हय की," त्या म्हणाल्या, "मीच आणायला सांगितली हुती. आक्काच्या सुनेला द्यायला. इसरलेच बघ मी." मिनिटापूर्वी हीच बाई या साडीसाठी सुनेला घराबाहेर काढत होती. आता मान हलवून हलवून सगळं आठवत होती. आणि जयवंतरावांनी मान डोलावली.

इंदुमतीनं साडी कुणाला दिली ते विचारलं नाही. ती नवऱ्याकडं वळली.

"पत्र सापडलं त्या दिवशी तुम्ही वाचलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं, कुठलं ते."

"इंदू, आत चल. आत बोलू."

"आठ दिवस आई मला विचारत होत्या. तुम्ही इथंच बसून जेवत होता."

जयवंतरावांनी पायातली चप्पल काढली आणि पुन्हा घातली.

सासूबाईंनी दोन्ही हात झटकले. झालं गेलं, म्हणाल्या, माणसाकडून गैरसमज होतो, पोरीचा काही दोष नाही, ट्रंक आत ठेवा, आणि चहा टाका पाहुण्यांना. गुरुजींच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते मला सहन झालं नाही. त्यांना बरं वाटलं होतं. घरात गावाकडं आणखी दोन मुली लग्नाच्या असतील, किंवा नुसतंच वय झालं असेल, पण त्यांनी सासूबाईंना हात जोडले. मुलीला म्हणाले, "इंदू, आईसाहेब म्हणतायत तर..."

"अण्णा," इंदुमती म्हणाली, "तुम्हाला मला न्यायला बोलावलंय. न्या."

तिनं वळकटी स्वतः उचलली. ट्रंकेला हात लावायला जयवंतराव पुढं आले, तेव्हा ती नुसती त्यांच्याकडं बघत राहिली आणि ते मागं सरले. मग ट्रंकेचं एक कडं गुरुजींनी धरलं, एक मी. सासूबाई पलंगावरून पहिल्यांदा उठल्या आणि दारापर्यंत आल्या. शेजारचे बघतील, असं काहीतरी म्हणाल्या. इंदुमती त्यांच्या पाया पडली आणि पायरी उतरली.

स्टँडवर तासगावच्या गाडीला अर्धा तास होता. गुरुजी चौकशीच्या खिडकीशी उभे होते, मुलीशेजारी उभं राहायचं टाळत असावेत. आम्ही दोघी ट्रंकेवर बसलो. मी माफी मागितली, तीन-चार वेळा मागितली. ती म्हणाली, तुम्ही तुमचं काम केलंत. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लाज वाटली. जवळपास माझ्याच वयाची होती ती.

विचारू नये हे कळत होतं, तरी मी विचारलं. पत्र लपवलं कशासाठी? आधीच दाखवलं असतं, तर इतकं झालं नसतं.

तिनं वळकटीची दोरी घट्ट केली.

"दिवाळीच्या आधी आम्ही सांगलीला गेलो होतो," ती म्हणाली. "त्या दुकानाच्या काचेत अंजिरी लावली होती. मी बघत थांबले. हे पुढं गेले होते, ते परत आले. ह्यांनी बघितलं मला बघताना. काही म्हणाले नाहीत, पण बघितलं."

गाडी फलाटाला लागली. माणसं उठली, गुरुजींनी हाक मारली. तिनं वळकटी काखेत घेतली आणि तशीच उभी राहिली.

"पत्र वाचलं, तेव्हा मला वाटलं, ह्यांनीच कुणाकडून तरी लिहून घेतलंय. माझी गंमत करतायत. म्हणून मी पुढच्या पत्राची वाट बघत होते."